एकाच मापाचे कीबोर्ड

कीबोर्ड उलटा करून वर्तमानपत्रावर आपटला की त्यातून काय काय पडतं, ते मी लातूरला नोकरीच्या पहिल्याच दिवशी पाहिलं. कुरतडलेली नखं पडली. डोक्याचे केस, भुवयांचे केस, चिवड्याचा चुरा, गुटख्याचे दाणे, आणि वाळून कागदासारखं झालेलं एक झुरळ. स्पेसबारच्या खाली पिवळट चिकट थर होता. तो पट्टीनं खरवडला तर मेणासारखा वळून आला. कुठल्याशा ऑफिसात कुणीतरी वर्षानुवर्षं त्या कीबोर्डावर जेवलं होतं, शिंकलं होतं, नखं खात बसलं होतं. ते ऑफिस बंद पडल्यावर आमच्या क्लासच्या सरांनी तिथला माल उचलून आणला आणि जसाच्या तसा आमच्यापुढं ठेवला.

बादलीत धुण्याची पावडर टाकून मी सगळी बटणं काढून भिजवली. पाण्याचा रंग गटारासारखा झाला. त्या दिवशी मी दुपारचा डबा खाल्ला नाही.

मी मुदखेडची. टायपिंग शिकायला गाडीनं नांदेडला जायची. तिथल्या इन्स्टिट्यूटमध्ये लोखंडी टाइपरायटर होते. त्यांच्यावर करंगळीचं बटण दाबायला खांद्यातून जोर लावावा लागायचा. मराठी आणि इंग्रजी दोन्ही परीक्षा पास झाले तोवर टाइपरायटरचे दिवस संपत आले होते. म्हणून नांदेडलाच एका दुकानात कॉम्प्युटरवर डीटीपी शिकून घेतलं. बटणांची मांडणी टाइपरायटरचीच होती, त्यामुळं बोटं लवकर बसली. काम मात्र लातूरला मिळालं. भूकंपाला काही वर्षं झाली होती. किल्लारीकडची माणसं पत्र्याच्या शेडमधून नव्या घरात गेली होती आणि लातूर शहरात वेगळीच गर्दी सुरू झाली होती. कंधार, धर्माबाद, उदगीर, पार बीड-परभणीकडून मुलं यायची. कुणाला डॉक्टर व्हायचं, कुणाला इंजिनियर. एका खोलीत पाच-सहा जण राहायचे. प्रत्येक गल्लीत एक क्लास, प्रत्येक क्लासला नोट्स पाहिजेत, दर आठवड्याला परीक्षेचे पेपर पाहिजेत, आणि ते टाइप करायला आमच्यासारख्या बाया पाहिजेत.

आमची खोली दोन वर्गांच्या मधे होती. खिडकी नव्हती. एका भिंतीतून केमिस्ट्री ऐकू यायची, दुसऱ्या भिंतीतून मुलांच्या मोज्यांचा वास यायचा.

त्या खोलीत माझ्याआधीपासून एक बाई काम करत होत्या. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या. निलंग्याकडच्या, कानडी सीमेवरच्या माहेराच्या, म्हणून त्यांना सरांखेरीज सगळे अक्का म्हणायचे, मीही म्हणू लागले. उंच, कमी बोलणाऱ्या. उजव्या हातावर पदर ओढून घ्यायची सवय होती त्यांना. मी बटणं धुऊन पुसत बसले तेव्हा मदत करायला त्या पुढं आल्या आणि पदर सरकला. उजव्या हाताची मधली दोन बोटं नव्हती. पहिलं बोट काठीसारखं ताठ होतं. फक्त अंगठा आणि करंगळी हलत होती.

मी बघितलेलं त्यांनी बघितलं.

"भूकंपात," एवढंच म्हणाल्या. "भिंतीचा दगड."

पुढं कधीतरी त्यांनीच सांगितलं. किल्लारीच्या बाजूला सासर, दगडमातीचं घर. नवरा आणि सासू दोघं त्यात गेले. मुलगा आजोळी होता म्हणून वाचला, तो आता होस्टेलवर शिकत होता. बोटं सोलापूरच्या दवाखान्यात काढली. लग्नाआधी औशाला टायपिंगची परीक्षा दिली होती, ती तेव्हा कुणाच्या कामाची नव्हती. दवाखान्यातून आल्यावर त्यांनी डाव्या हातानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. डावा हात सगळ्या बटणांवर फिरायचा, उजव्या अंगठ्यानं स्पेसबार दाबायच्या. माझ्यापेक्षा थोड्या हळू, पण चूक जवळजवळ नाहीच.

आता त्या काळच्या कीबोर्डाबद्दल थोडं सांगायला पाहिजे. आमचे होते ते लांबलचक, जड, एकशे एक बटणांचे. प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्प्रिंग. दाबलं की खट्‌ असा आवाज यायचा आणि बोटाला कळायचं की अक्षर उमटलं, पडद्याकडं बघायची गरज नसायची. उजवीकडं आकड्यांचा वेगळा चौकोन असायचा. हा चौकोन माझा जीव की प्राण होता, कारण त्या काळच्या मराठी फाँटमध्ये सगळी अक्षरं बटणांवर मावायची नाहीत. 'ऱ्या'तला तो आडवा र, 'द्ध', 'ह्म', आणि केमिस्ट्रीतले बाण नि चिन्हं काढायला ऑल्टचं बटण धरून त्या चौकोनावर आकडे मारावे लागत. वरच्या रांगेतले आकडे त्याला चालायचे नाहीत. अर्धा रसायनशास्त्राचा पेपर त्या चौकोनावर उमटायचा.

अक्कांना मात्र हा लांब कीबोर्ड म्हणजे शिक्षा होती. माउस त्या डाव्या हातानं धरायच्या, आणि एकट्या डाव्या हाताला पार उजवीकडच्या बाणांपर्यंत, त्याच्याही पलीकडच्या चौकोनापर्यंत जावं लागायचं. दुपारनंतर त्यांचा खांदा भरून यायचा. म्हणून आम्ही आपसांत एक सोय केली होती. अवघड अक्षर आलं की अक्का तिथं फुली टाकून पुढं जायच्या, आणि नंतर मी त्या फुल्यांच्या जागी अक्षरं भरायची. सरांना हे माहीत नव्हतं. त्यांना पेपर वेळेवर मिळाल्याशी मतलब.

सरांबद्दल सांगताना अजून माझ्या तोंडाला पाणी सुटतं, उलटीच्या आधी सुटतं तसं. दिसायला टापटीप होते. परीटघडीचा शर्ट, सेंट मारलेला. शिकवायचेही बरे, मुलं म्हणायची. पण त्यांना अंगठा चाटायची सवय होती. कागद मोजताना, पान उलटताना, जिभेवर अंगठा फिरवायचे. तेवढंच असतं तर चाललं असतं. ते माझ्या मागं येऊन उभे राहायचे, पडद्यावर चूक दिसली की खांद्यावरून हात पुढं घालायचे आणि त्याच ओल्या अंगठ्यानं माझ्या कीबोर्डावरचं बटण दाबायचे. एंटरच्या बटणावर ओला ठसा राहायचा. ते गेले की मी पदरानं पुसायची, मग पदराचीच किळस यायची. शेवटी टेबलाच्या खणात एक फडकं ठेवलं. अक्का माझ्याकडं बघून तोंड दाबून हसायच्या. त्यांच्या कीबोर्डावर सर कधी अंगठा ठेवत नसत, कारण अक्कांची चूक सापडत नसे.

पुढच्या वर्षी मुलं वाढली. सरांना टायपिंगच्या खोलीतली निम्मी जागा बाकांसाठी पाहिजे होती, आणि आणखी एक बाई घेऊन अर्ध्या केलेल्या टेबलावर तीन जणी बसवायच्या होत्या. लांब कीबोर्ड त्यात बसत नव्हते. पहिल्यांदा त्यांनी बाजारातला हलका कीबोर्ड आणून दाखवला, आत रबराचा पडदा असलेला. मी त्याच्यावर एक ओळ टाइप केली. भिजलेल्या पावात बोट जावं तसं वाटत होतं. बटण खाली जातंय की नाही कळत नव्हतं, आणि गेलं तर वर यायला कंटाळा करत होतं. मी तो बाजूला सारला.

"सर, ह्याच्यावर पेपर काढला तर निम्म्या उत्तरांत घोळ होईल," मी म्हणाले.

उत्तरांत घोळ म्हटल्यावर ते घाबरले. आठवडाभरानं हैदराबादहून कुणाकडून तरी दुसरा आणला. छोटा, पण आत खऱ्या स्प्रिंगांचा. तोच खट्‌ आवाज, बटणं किंचित जवळजवळ, बाण कोपऱ्यात दाटीवाटीनं बसवलेले. आकड्यांचा चौकोन कापूनच टाकला होता. त्याऐवजी एक जादा बटण दाबून धरलं की मधल्याच अक्षरांचे आकडे व्हायचे.

मी बसून बघितलं आणि मला तो अजिबात आवडला नाही. एक बटण धरा, त्यात ऑल्ट धरा, मग अक्षरांतून आकडे शोधा. एक 'द्ध' काढायला बोटांची गाठ बसत होती. अंगठा कापलेल्या हातानं चपाती लाटावी तसं वाटलं. हे मी तोंडानं बोललेही, आणि बोलल्यावर अक्का शेजारी बसल्या आहेत हे ध्यानात आलं.

अक्कांनी काही मनाला लावून घेतलं नाही. "सरक," म्हणाल्या. "मला बघू दे."

त्यांनी कीबोर्ड तिरका करून डाव्या बाजूला ओढला, माउस त्याला चिकटवून ठेवला. आणि टाइप करायला लागल्या. डावा हात मनगटापासून हलत होता, खांदा जागेवरच. बाण, खोडायचं बटण, एंटर, सगळं त्यांच्या एका पंजात आलं होतं. उजव्या करंगळीलाही काम मिळालं, कोपऱ्यातलं शिफ्ट तिला पोचत होतं. पान संपलं तेव्हा त्यांनी मान वर केली. त्यांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. लाज वाटल्यासारखा, लहान मुलीला नवी चप्पल आवडावी तसा.

"लई बरा हाय गं," म्हणाल्या.

मग आमचं ठरलं. त्यांना छोटा, मला मोठा. फुल्या त्या टाकतील, मी भरीन. मोठा एक आणि छोटे दोन टेबलावर बसतात हे मी फूटपट्टीनं मोजूनही ठेवलं.

सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "तसं कसं? सगळे एकाच मापाचे घ्यायचे तर व्यापारी सवलत देतो. एक घ्या काय ते ठरवून. दोघींनी टाइप करून दाखवा, मी बघतो."

दुसऱ्या दिवशी ते आमच्या मागं उभे राहिले. आधी मी मोठ्यावर टाइप केलं. मग अक्का छोट्यावर बसल्या. तेवढ्या दिवसांत सरांनी अक्कांच्या हाताकडं कधी बघितलंच नव्हतं. त्यांना कागद दिसायचे, हात दिसायचे नाहीत. आज कीबोर्ड बघायचा म्हणून वाकले आणि त्यांना तो हात दिसला.

"अरे! हे काय झालं बाई?"

"भूकंपात गेली बोटं," अक्का म्हणाल्या, आणि पदर ओढायला लागल्या.

"असू द्या, असू द्या," सर म्हणाले. "टाइप करत राहा."

मी सरांकडं बघितलं. मला वाटलं होतं त्यांना वाईट वाटेल, निदान तसं दाखवतील. पण त्यांचा चेहरा खुलला होता. बोर्डात पहिला आलेला मुलगा आपल्या क्लासचा निघावा तसा. त्यांनी अंगठा जिभेवर फिरवला, हातातले कागद उगाच मोजले आणि कीबोर्डाबद्दल एक शब्द न बोलता निघून गेले.

पुढच्या आठवड्यात फोटोग्राफर आला. हैदराबादच्या व्यापाऱ्याला कीबोर्ड वापरताना दाखवायचा आहे, फोटो पाठवला तर तो भाव कमी करील, असं सर म्हणाले. अक्का तयार नव्हत्या. पण छोटा कीबोर्ड मिळायचा तर हे करावं लागतंय असं त्यांना वाटलं. फोटोग्राफर सारखा सांगत होता, "उजवा हात वर घ्या. बटणांवर ठेवा. नाही, असा नाही, दिसला पाहिजे." अक्कांनी हात ठेवला. कपाळावर घाम आला होता. फोटो झाल्यावर त्या मोरीत जाऊन बराच वेळ हात धुत होत्या.

छोटे कीबोर्ड आले, सगळे एकाच मापाचे. माझा मोठा कीबोर्ड माळ्यावर गेला. मी तोंड वाकडं करून त्या बोटांच्या गाठी मारत राहिले, आणि दर 'ऱ्या'ला सरांचा उद्धार करत राहिले. अक्कांचा खांदा दुखायचा थांबला, तेवढंच त्यात बरं.

नवे प्रवेश सुरू व्हायच्या आधी एका सकाळी मी रिक्षातून कामावर येत होते. क्लासच्या चौकात पत्र्याचा मोठा फलक उभा राहिला होता. रिक्षावाला मान वर करून बघत होता म्हणून मीही बघितलं. वर रंगवलेला एक हात होता, दारापेक्षा मोठा. खाली छोटा कीबोर्ड, त्यावर तो हात, मधली दोन बोटं तुटलेली, आणि तुटलेल्या जागी लाल रंग, जखम ताजी असावी तसा. बोटं गेल्याला वर्षं झाली होती, तिथं लाल काही उरलं नव्हतं. कोपऱ्यात अक्कांचा चेहरा, डोळ्यांत रंगवलेलं पाणी. आणि अक्षरं: भूकंपानं बोटं नेली, आम्ही भरारी दिली. खाली क्लासचं नाव.

मी रिक्षातून उतरले आणि रस्त्याच्या कडेला उलटी केली. सकाळी फक्त चहा प्याले होते, तेवढाच पडला.

अक्का बसनं यायच्या, दुसऱ्या बाजूनं. त्यांना खोलीत कसं सांगावं हे मला कळेना. पण त्या आल्या त्या बघूनच आल्या होत्या. खुर्चीवर बसल्या नाहीत. सरांच्या केबिनमध्ये गेल्या, मी मागं गेले.

"सर, ती पाटी उतरवा."

"बसा, बसा," सर म्हणाले. "अहो बाई, किती पालकांचे फोन येतायत! तुमच्याकडं बघून मुलांना हिंमत येते. तुमचं भलंच आहे त्यात."

"तुमी व्यापाऱ्याला फोटो पाठवतो म्हणलात."

"पाठवलाच की. शिवाय इकडंही कामाला आला." ते हसले. टेबलावरच्या फॉर्मांचा गठ्ठा चाटलेल्या अंगठ्यानं उलटत राहिले.

"माझा हात मी सोता बघत न्हाई, सर," अक्का म्हणाल्या. "आन तुमी चौकात दाखवून राहिलात."

"भावनेच्या भरात बोलू नका. शांत डोक्यानं विचार करा. उद्या बोलू."

बाहेर आल्यावर मला वाटलं अक्का रडतील. रडल्या नाहीत. पाटीच्या खालच्या कोपऱ्यात पेंटरचं नाव आणि ठिकाण लिहिलेलं त्यांनी वाचलं होतं. "चल," म्हणाल्या.

गंजगोलाईच्या गोल बाजारामागच्या गल्लीत त्या पेंटरचं दुकान होतं. दाढी मेंदीनं रंगवलेले म्हातारे गृहस्थ, बाप-आज्यापासून दुकानांच्या पाट्या रंगवत आलेले. डब्यांत ब्रश धुत बसले होते. अक्कांनी पदर बाजूला केला आणि हात त्यांच्यापुढं धरला.

त्यांनी हाताकडं बघितलं, मग चेहऱ्याकडं. ब्रश डब्यात तसाच राहिला.

"या अल्ला," ते म्हणाले. "बाई, तुमीच का त्या? सर तर बोलले, बाईनं हौसेनं फोटो दिलाय."

"मी न्हाई दिला. मला खोटं सांगून घेतला."

"मी तर साधाच हात काढला होता. ते बोलले, मजा नाही आली, लाल लावा. मला लई गलिच्छ वाटलं, बाई. पण धंद्यात गिऱ्हाईक बोलेल तसं करावं लागतं." त्यांनी ब्रश डब्यातून काढून झटकला. "काय करायचं म्हणता?"

"पुसायचा."

त्यांनी हातगाड्यावर शिडी टाकली, पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा घेतला, टोपी नीट केली. भर दुपारी आम्ही तिघं गोलाईतून चौकाकडं निघालो. पुढं हातगाडा ढकलत ते, मागं आम्ही दोघी. ऊन रणरणत होतं.

क्लास सुटायची वेळ होती. मुलं घोळक्यानं बाहेर पडत होती, त्यांना न्यायला आलेले पालकही होते. पेंटरचाचांनी शिडी लावली, वर चढले आणि खाली बघून विचारलं, "आधी काय पुसू?"

"हात," अक्का म्हणाल्या.

त्यांनी ब्रश फिरवायला सुरुवात केली. लोक थांबले. शिडी जुनी होती, हलत होती. फेटा बांधलेले एक पालक कंधारकडून मुलाला घेऊन आले होते. ते आमच्याजवळ आले, वर बघितलं, अक्कांकडं बघितलं. अक्कांचा पदर त्या दिवशी हातावर नव्हता. ते म्हणाले, "ते चित्र तुमचं हाय का, माय?"

"हाव. मला न इचारता लावलंय."

त्यांनी पिशवी मुलाच्या हातात दिली आणि दोन्ही हातांनी शिडी धरली.

पांढऱ्याखालचा लाल रंग नीट वाळलेला नव्हता. तो वर येत राहिला. हात झाकला जायच्या ऐवजी गुलाबी झाला, सोललेल्या कातडीसारखा. चाचा शांतपणे म्हणाले, "दुसरा हात मारायला लागतो, बाई. थोडं थांबा." एवढ्यात सर धावत आले. कुणीतरी केबिनमध्ये जाऊन सांगितलं होतं.

"अरे ए! कुणाच्या परवानगीनं चाललंय? उतर खाली! पोलिसात देईन!"

चाचांनी ब्रश थांबवला नाही. "तस्वीर बाईंची हाय, साहेब. परवानगी बाईंची घेतली."

सर अक्कांकडं वळले, पण बोलायच्या आत त्यांना भोवतालचे लोक दिसले. मुलं, पालक, फेटेवाले गृहस्थ शिडी धरून. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "अक्का, अहो, घरातली गोष्ट रस्त्यावर कशाला आणायची?"

त्यांनी अक्का म्हटल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं. इतके दिवस 'बाई'सुद्धा कमी वेळा म्हणायचे.

अक्का म्हणाल्या, "रस्त्यावर तुमीच आणली, सर. मी घरी नेऊन राहिले."

गर्दीतून एक बाई म्हणाली, "बरोबर हाय बया." सर मोबाइलवर फोन आल्यासारखं करून निघून गेले. त्या काळी मोबाइल ही मिरवायची वस्तू होती. त्यांचा वाजलेला मी तरी ऐकला नाही.

दुसरा हात मारल्यावर पांढरं झालं. चेहराही पुसला. 'आम्ही भरारी दिली' ही अक्षरं चाचांनी तशीच ठेवली. ती पुसायला कुणी सांगितलं नाही, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अक्का कामावर आल्या नाहीत. मी राजीनामा लिहून घेऊन गेले होते, पण सरांनीच आधी बोलावलं. टेबलावर एक नवा खोका होता. आत मोठा कीबोर्ड होता, कोराकरकरीत, आकड्यांच्या चौकोनासकट.

"तुम्हाला मोठाच पाहिजे होता ना? मला माहीत होतं," सर म्हणाले. "हा फक्त तुमच्यासाठी. तुम्ही समजूतदार आहात. त्यांचं डोकं भूकंपानंतर जरा... तुम्ही त्यांच्या नादी लागू नका."

असं म्हणत त्यांनी अंगठा चाटला आणि खोक्यावरची चिकटपट्टी काढायला लागले.

मी त्या कीबोर्डाकडं बघितलं. मी वर्षभर हेच मागत होते. बटणं इतकी स्वच्छ होती की त्यात माझा चेहरा दिसेल असं वाटलं. तरी त्या क्षणी त्याची जेवढी शिसारी आली, तेवढी मला आमच्या पहिल्या कीबोर्डातल्या झुरळाचीसुद्धा आली नव्हती. मी राजीनामा टेबलावर ठेवला.

"नको सर. आता मला कुठलाच नको."

"लातूरमध्ये दुसरीकडं कुठं जाल? सगळीकडं हेच काम आहे," ते म्हणाले.

हे त्यांचं खरं निघालं. महिनाभर मी हिंडले. जिथं टायपिंग होतं तिथं नोट्स होत्या, जिथं नोट्स होत्या तिथं असेच सर होते. शेवटी एका छापखान्यात आम्ही दोघी लागलो. मालक चिडखोर होता, पण टायपिंगच्या टेबलाशी कधी यायचा नाही. तिथं लग्नपत्रिका असायच्या, सोसायट्यांचे अहवाल असायचे, आणि बाकी सगळ्या क्लासच्या नोट्सच. ज्या मजकुराची मला किळस यायची, त्याच्यावरच माझं घर चाललं. आजही विचार केला तर गोड काही आठवत नाही. रोज सहा-सहा तास त्या प्रश्नपत्रिका टाइप करताना वाटायचं, ही मुलं हे पाठ करतील, विसरतील आणि पुढच्या वर्षी दुसरी येतील.

पाटीवर पंधरा दिवसांत नवं चित्र आलं. उगवता सूर्य, आणि त्याच्या किरणांत पहिल्या आलेल्या मुलांचे चेहरे. ते सोलापूरच्या कुणा पेंटरनं रंगवलं, आमच्या चाचांनी काम घेतलं नाही. क्लासला मुलं कमी झाली नाहीत. उलट पुढच्या वर्षी सरांनी शेजारची इमारतही घेतली. असल्या माणसाचं काही वाकडं होत नाही, हे मी तेव्हाच शिकले, आणि त्याचाही मला संताप येतो.

छापखान्यात अक्कांनी छोटा कीबोर्ड मागवून घेतला, मी मोठा घेतला. मालक म्हणाला, दोन मापं कशाला? अक्का म्हणाल्या, "आमचे हात दोन मापाचे हायत." तो पुटपुटत गेला. तिथंही अक्का फुल्या टाकायच्या आणि मी अवघड अक्षरं भरायची. कीबोर्डांत पुन्हा धूळ जमायची, कामगारांच्या बिड्यांची राख पडायची. महिन्यातून एकदा आम्ही दोघी वर्तमानपत्र अंथरून ते आपटायचो, नाक मुरडत.